न येता येणारा इंजिनिअर

एल्वियो फ्लेइतासला आमच्या पासो इतात सगळे 'इंजिनिअर' म्हणतात. मी म्हणत नाही. मी त्याला सहावीत शिकवलंय. भागाकार आला की हा शेजारच्या मुलीच्या वहीत मान घालायचा, आणि तिचं उत्तर चुकलेलं असलं तर तेच चुकलेलं उत्तर तिच्यापेक्षा सुवाच्य लिहायचा. अक्षर मात्र छान होतं मेल्याचं. पुढे एन्कार्नासिओनला जाऊन त्याने सहा महिन्यांचा कसलासा कॉम्प्युटरचा कोर्स केला, त्याच्या आईने ते सर्टिफिकेट फ्रेम करून घरातल्या मरियेच्या तसबिरीशेजारी टांगलं, आणि त्या दिवसापासून स्वारी इंजिनिअर झाली. आमच्या देशात शर्टाच्या खिशाला पेन लावलं की माणूस पदवीधर होतो, त्याला कोण काय करणार!

आता छत्तीसचा आहे. राहतो एन्कार्नासिओनलाच, तीन तासांवर, नदीकाठच्या एका इमारतीत. बाल्कनीत हॅमॉक बांधलंय, त्यात पडून असतो. आणि तिथे पडल्या पडल्या हा बावीस गावांच्या पाणी मंडळांचे कॉम्प्युटर सांभाळतो. वर दोन गुरांचे डॉक्टर आणि एक शवपेट्यांचं दुकान. सांभाळतो म्हणजे काय, तर प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये त्याने एक प्रोग्राम घालून ठेवलाय. कॉम्प्युटर तुमच्या टेबलावर, पण हात त्याचा. त्याने तिकडे फोनवर बोट फिरवलं की इकडे तुमच्या स्क्रीनवरचा बाण फिरतो. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, पण हा तर उंटावरही बसत नाही, झोपून हाकतो.

सुरुवातीला त्याचा एक विधी असायचा. काही बिघडलं की आमच्या मंडळाच्या कारकून, न्या रुपेर्ता (न्या म्हणजे 'ताई'सारखं मानाचं), त्याला फोन लावायच्या.

"इंजिनिअरसाहेब, बिलं निघत नाहीत हो."

"न्या रुपेर्ता, कशालाही हात लावू नका. मी येतो."

"कधी येताय?"

"आलो पण. स्क्रीनवर नऊ आकडे दिसतात का? वाचा बघू."

रुपेर्ता चष्मा लावून एकेक आकडा असा वाचायची की जसा काही लॉटरीचा निकाल. मग बाण हलायला लागायचा, आणि ती कौतुकाने बघत बसायची. पण आकडे ऐकायचाही कंटाळा आला साहेबांना. मग त्याने कायमचा पासवर्ड घालून ठेवला. बावीसच्या बावीस गावांना एकच, आईचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. आता आकडे नकोत, कुणाला विचारायला नको. हवं तेव्हा आत. रुपेर्ताला एवढंच बजावलं, "कॉम्प्युटर कधी बंद करायचा नाही. बंद केलात तर मी आत कसा येणार?" तरीही फोन करायचा तो आधी, एवढं म्हणायला हवं. येण्याआधी "आलो पण" म्हणायचा, मगच बाण हलायचा.

सदेह तो एकदाच आला होता, दोन वर्षांपूर्वी. बोअरच्या मोटरचं मोठं लोखंडी बटण होतं, त्याला एक डबी आणि वायर लावून त्याने ते कॉम्प्युटरला जोडलं. आता म्हणे मोटर स्क्रीनवरून चालू, स्क्रीनवरून बंद. अर्धी टोपली चिपा, म्हणजे आमच्या चीजच्या पावरोट्या, खाल्ल्या, उरलेल्या कागदात गुंडाळून घेतल्या, आणि अध्यक्ष ओविदियोच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "अध्यक्ष, आता तुमचं गाव आधुनिक झालं." ओविदियो इतका फुलला की त्या संध्याकाळी त्याने बायकोलाही ते वाक्य ऐकवलं. तीही माझीच विद्यार्थिनी. तिने मला सांगितलं.

आता रुपेर्ताबद्दल सांगते, कारण तिच्यावरच सगळं शेकलं. वय सहासष्ट. एकतीस वर्षं मंडळाच्या ऑफिसात. ते लोखंडी बटण होतं तेव्हा टाकीत पडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून सांगायची, अजून वीस मिनिटं, अजून दहा. तिचा बाप पिऊन पिऊन गेला, त्यामुळे दारूचा थेंब तिने कधी जिभेला लावला नाही. लग्नात, संताच्या जत्रेत, सगळ्या बाया बिअर पितात तेव्हा ही संत्र्याच्या सोड्याची बाटली धरून कडेला बसते. नवरा नाही, मूल नाही. हे ऑफिस, त्याची चावी आणि गावात असलेलं चांगलं नाव, एवढीच तिची मिळकत.

यंदाच्या जानेवारीत उन्हाने कहर केला. बेचाळीस अंश. एकपासून चारपर्यंत आमच्याकडे कुणी जागं नसतं. दुकानं बंद, पोलीस चौकी बंद, कुत्री सावलीला आडवी. ती झोप मोडणारा माणूस एक तर आजारी असतो नाही तर चोर. चार वाजता लोक उठतात, आंघोळ करतात, तेरेरेचं, म्हणजे आमच्या थंड चहाचं, गार पाणी भरतात. आणि सात जानेवारीपासून चार वाजता नळाला पाणीच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. रुपेर्ता चारला ऑफिस उघडते तर मोटर बंद पडलेली. ती धावत चालू करणार, टाकी भरायला चार तास लागणार, आणि तोवर अख्खं गाव बादल्या घेऊन तिच्या दारात.

"न्या रुपेर्ता, झोप लागली वाटतं?"

"वय झालं आता, घरी बसा की नातवंडं खेळवत. अरे हो, नातवंडं नाहीत!"

हे शेवटचं बोलणारी आमच्या खाटकाची बायको. नाव घेत नाही, पण ती वाचेल तर तिला कळेल.

आठवड्याने रुपेर्ता माझ्याकडे आली. मी निवृत्त झाले तरी मंडळाच्या समितीवर आहे, कारण समितीत निदान एकाला तरी शुद्ध लिहिता यायला हवं. आपलेच हात एकमेकांत घट्ट धरून बसली.

"बाई, हसणार नसाल तर सांगते."

"हसण्यासारखं असेल तर हसेन. बोल."

"बाण आपला आपण हलतो."

"कसला बाण?"

"कॉम्प्युटरवरचा. परवा दुपारी मी घरी गेलेच नाही, म्हटलं बघू तरी मोटर बंद कशी पडते. सव्वा वाजले. बाण उठला, हळूच मोटरच्या चौकटीवर गेला आणि टक्! मोटर बंद. खोलीत मी एकटी आणि भिंतीवर एक पाल."

"मग चालू करायचीस परत."

"केली की. त्याने परत बंद केली. मी परत केली. तिसऱ्यांदा बंद केली तेव्हा मी क्रूसाची खूण केली आणि पळाले."

"एल्वियो असेल."

"छे हो, बाई! इंजिनिअर आधी फोन करतात. इतक्या वर्षांत फोन न करता कधी आले नाहीत."

इथे मलाही ते पटलं. मला दोष द्या, खुशाल द्या. पण आमच्याकडे फाटकाशी उभं राहून टाळ्या वाजवल्याशिवाय कुणी कुणाच्या अंगणात पाय टाकत नाही. जावई टाळ्या वाजवतो, पाद्री टाळ्या वाजवतो, चोरसुद्धा आधी वाजवून बघतो घरात कोण आहे ते. न सांगता न वाजवता आत शिरणारा आमच्याकडे एकच. रुपेर्ता माझ्या कानाशी आली आणि कुजबुजली, "पोंबेरो."

त्याचं नाव मोठ्याने घेत नाहीत. बुटका, केसाळ, रानातून शीळ घालत येतो, घरातल्या वस्तू इकडच्या तिकडे करतो, राग आला तर गुरं सोडून देतो. खूश ठेवायचा असेल तर त्याच्यासाठी एक चिरूट, थोडा मध आणि उसाची दारू, म्हणजे कान्या, ठेवायची. मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं की हे सगळं खोटं आहे. संध्याकाळनंतर शीळ मात्र मी स्वतः कधी घालत नाही.

"अगं, तो तर रात्रीचा फिरतो," मी म्हटलं.

"हल्ली दुपारीही फिरत असेल. काळ बदललाय, बाई."

आणि ऑफिसात जाऊन तिने काय दिवे लावले, तर कीबोर्डच्या शेजारी एक चिरूट, बशीत मध आणि कान्याची पाव बाटली ठेवली. बूच काढून, कारण त्याला बोटं आखूड असतात म्हणे. मधाला मुंग्या लागल्या, मुंग्या कीबोर्डात शिरल्या, आणि 'अ' दाबलं की दोन मुंग्या बाहेर यायला लागल्या. दारू उन्हाने उडून रोज थोडी कमी व्हायची. रुपेर्ताला वाटायचं, पितोय. तरी मोटर बंद व्हायची ती व्हायचीच.

मग एके दिवशी अध्यक्ष ओविदियो चारला पाच कमी असताना ऑफिसात गेला. रुपेर्ता खुर्चीत, घामाने डबडबलेली, डोळे लाल, आणि समोर अर्धी झालेली बाटली. ओविदियोला आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी समजल्यासारखं वाटलं. बाटली उचलून त्याने त्याच संध्याकाळी ऑफिसात समिती बोलावली. सहा जण होतो आम्ही. रुपेर्तालाही बोलावलं.

"ही बाटली तुमची?"

"माझी नाही."

"मग कुणाची?"

रुपेर्ता उभी. नाव मोठ्याने घ्यायचं नाही, हे तिच्या रक्तात. तिने माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक होतं ना सगळं! पण सहा माणसांत उठून मी, शाळेची माजी मुख्याध्यापिका, काय सांगणार होते? की बाटली पोंबेरोची आहे म्हणून? मी खाली वहीत बघत बसले. लाज वाटते सांगायला, पण बसले.

ओविदियोने मग एल्वियोला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. हॅमॉकच्या कड्या कुरकुरत होत्या तिकडे.

"इंजिनिअर, मोटर रोज दुपारी कोण बंद करतं, ते तुम्हाला तिथून दिसेल का?"

"सगळं दिसतं, अध्यक्ष. थांबा हं, स्क्रीनवरचे नऊ आकडे वाचा बघू... आलो. हे बघा, नोंद आहे. रोज साधारण सव्वा वाजता. आणि हुकूम गेलाय तो तुमच्याच ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून. म्हणजे तिथल्या तिथे कुणीतरी दाबतंय. इथून सिस्टीम एकदम परफेक्ट आहे."

झालं. ऑफिसात दुपारी चावी कुणाकडे? रुपेर्ताकडे. पिते कोण? रुपेर्ता. पिऊन बटणं कोण दाबतं? सगळा हिशोब कसा सुटसुटीत लागला! रविवारी गावाची सभा बोलवायची आणि तिला काढायचं ठरलं. रुपेर्ता रडलीबिडली नाही. ऑफिसला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी बाजारात तिला मंदिओकाचे कंद मोजून देताना भाजीवाला मुद्दाम जवळ वाकला आणि मागच्या बाईकडे बघून डोळा मिचकावला. तिच्याशी बोलताना जो तो असा वाकायला लागला. वास येतो का बघायला! एकतीस वर्षं जिने पाणी पाजलं, तिचं तोंड हुंगत फिरत होतं आमचं गाव.

एल्वियोने हे जाणूनबुजून केलं असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही त्याला फार मोठा समजता. कपट करायलाही थोडं उठून बसावं लागतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी माझ्या वारलेल्या मावसबहिणीच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला मी कोस्ता पुकूला गेले. बारा किलोमीटर, बसने. दुपारी तिथेही सगळे आडवे झाले. मला परक्या घरात झोप येत नाही, म्हणून अंगणात आले, तर रस्त्याकडेचा नाला पाण्याने भरून वाहत होता. भर जानेवारीत! चार डुकरं त्यात लोळत होती, आमच्या पासो इताच्या माणसांपेक्षा स्वच्छ. वर बघते तर त्यांच्या पाण्याच्या टाकीवरून धो धो पाणी सांडतंय.

चार वाजता त्यांचा कारकून उठून आला, जांभया देत.

"अहो, तुमची टाकी सांडतेय!"

"हो ना, बाई. आमची टाकी लहान, एक वाजताच भरते. आम्ही झोपलेलो असतो, म्हणून इंजिनिअर एल्वियो रोज सव्वाला तिकडून मोटर बंद करायचे."

"करायचे? आता नाही करत?"

"तीन आठवडे झाले, विसरतात वाटतं. आम्ही काही बोललो नाही. डुकरं खूश आहेत."

मी तिथल्या तिथे कपाळावर हात मारला. सव्वा वाजता! हा गाढव कोस्ता पुकूची मोटर समजून आमची बंद करत होता. तिथे सगळे झोपलेले, म्हणून सांडलेलं कुणाला दिसलं नाही. इथे सगळे झोपलेले, म्हणून बंद पडलेलं कुणाला दिसलं नाही. आणि तोही हॅमॉकमध्ये अर्धा झोपलेलाच. तीन ठिकाणची झोप आणि मधे एकटी जागी रुपेर्ता. तिला आम्ही दारुडी ठरवली.

शुक्रवारी दुपारी मी रुपेर्ताला घेऊन ऑफिसात बसले. दार लावून, पंखा लावून. सव्वा वाजता बाण हलला, मोटरच्या चौकटीवर गेला, टक्. रुपेर्ताने डोळे मिटून घेतले. मी तिला सगळं सांगितलं. तिला पटायला वेळ लागला. पटल्यावर मात्र ती हसली नाही की चिडली नाही. एवढंच म्हणाली, "मग चिरूट उचलते," आणि बशी-बाटली सगळं पिशवीत भरलं.

मी तशीच ओविदियोकडे गेले. त्याला झोपेतून उठवलं, त्यामुळे आधीच चेहरा वाकडा.

"बाई, तुम्ही मोठ्या आहात, पण इंजिनिअर माणूस अशी चूक करेल? बावीस गावं आहेत त्यांच्याकडे."

"बावीस आहेत म्हणूनच."

"आणि नोंद? नोंदीत तर आपलाच कॉम्प्युटर दिसतो."

"अरे, तो आपल्याच कॉम्प्युटरात बसून दाबतो ना! मी तुझ्या घरात शिरून तुझ्याच सुरीने तुझं कलिंगड कापलं, तर काय तू कापलंस?"

कलिंगड त्याच्या डोक्यात शिरलं नाही. पण अर्धी समिती माझ्या हातची पट्टी खाऊन मोठी झालीय, त्यामुळे एक गोष्ट मी मिळवली. रविवारची सभा सकाळी न घेता दुपारी एक वाजता घ्यायची. असं पासो इतात कधी घडलं नव्हतं. दुपारी एकची सभा! लोक मला शिव्या घालतच आले. चाळीसेक माणसं, ऑफिसच्या ओट्यावर आणि अंगणातल्या आंब्याखाली, सुजलेल्या डोळ्यांनी. कॉम्प्युटर मी उचलून ओट्यावरच्या टेबलावर ठेवायला लावला होता, तोंड लोकांकडे करून. रुपेर्ताला त्याच्यापासून चांगलं पाच पावलं लांब बसवलं. ती इस्त्रीचा झगा घालून आली होती. हात मांडीवर.

ओविदियोने वाचायला सुरुवात केली. "कर्तव्यात कसूर आणि कामाच्या जागी मद्य..." खाटकाची बायको मान डोलवत होती. मी घड्याळाकडे बघत होते. एक-पंधरा. एक-सोळा.  म्हटलं, आज नेमका मेल्याला खरंच झोप लागली असेल, आणि हिचा निकाल लागेल.

एक-सतराला बाण हलला.

चाळीस माणसांनी पाहिलं. कुणाचा हात नाही, जवळ कुणी नाही. बाण सावकाश गेला, टक् झालं, आणि मागे मोटरचा आवाज उतरत उतरत थांबला. आणि आमचं हे आधुनिक गाव! निम्म्यांनी क्रूसाची खूण केली. भाजीवाला दोन पावलं मागे सरला आणि चक्क रानाकडे बघायला लागला. म्हणजे केसाळ बुटका यांना लगेच पटला, पण हॅमॉकमधला एल्वियो पटेना.

मी फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"एल्वियो, मी फेलिसियाना बाई."

"बाई! काय नशीब माझं! जेवलात का?"

"जेवले. तू काय करतोस?"

"पडलोय जरा, बाई. रविवार आहे."

"काल-परवा कोस्ता पुकूला गेले होते. ते म्हणाले, तू त्यांची मोटर बंद करायचास रोज दुपारी. हल्ली विसरतोस म्हणे."

"विसरतोय? मी?" त्याचा आवाज चढला. "रोज करतो बाई, सुट्टीच्या दिवशीसुद्धा! तुमचा फोन यायच्या आधी एक मिनिट झालं असेल, आत्ताच बंद केली. पडल्या पडल्या, एका बोटाने. मध्ये तर एक दिवस ती आपली आपण चालू होत होती, तीन-तीनदा बंद केली. याला म्हणतात टेक्नॉलॉजी!"

आंब्याखाली कुणीतरी खोकलं.

"पण ती कोस्ता पुकूचीच, हे कशावरून रे?"

"यादीत वरून सातवी, बाई. पाठ आहे मला."

"सातवीला नाव काय लिहिलंयस?"

"ऑफिस."

"आणि आठवीला?"

"ऑफिस." जरा थांबून म्हणाला, "सगळी ऑफिसंच आहेत ना बाई, मग दुसरं काय लिहिणार?"

"ही यादी कधी केलीस?"

"तीन राजांच्या सणाला नवा फोन घेतला, तेव्हा परत भरली. सहा तारखेला."

"बरं. आता बाळा, ती सातवी मोटर चालू कर बघू."

स्क्रीनवर बाण हलला. टक्. आणि मागच्या अंगणात आमची मोटर गुरगुरत सुरू झाली. माना सगळ्या तिकडे वळल्या.

"झाली का चालू?" एल्वियोने विचारलं.

"झालीऽऽ," चाळीस माणसं एका सुरात म्हणाली. शाळेत म्हणायची तशीच.

फोनमध्ये हॅमॉकच्या कड्या वाजायच्या थांबल्या.

"बाई... तिथे कोण कोण आहे?"

"पासो इता आहे. आणि पाच पावलांवर न्या रुपेर्ता आहे. तू समितीला सांगितलंस ना, तिथल्या तिथे कुणीतरी दाबतंय म्हणून?"

"मला जे दिसलं ते मी सांगितलं, बाई. हा यादीचा प्रॉब्लेम आहे. सिस्टीमचा. यात माणसाची चूक म्हणता येणार नाही."

इतकंच. माफी नाही, ओशाळणं नाही. सहावीतही असंच म्हणायचा, वहीच चुकीची होती म्हणून.

ओविदियोने हातातला कागद चार घड्या करून खिशात घातला. "बरं मग," तो म्हणाला, "ठराव मागे घेतला असं समजावं. न्या रुपेर्ता उद्यापासून नेहमीप्रमाणे. आता घरी जाऊ या, ऊन फार आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाटकाच्या बायकोने सगळ्यांत जोरात.

रुपेर्ता उठली. टेबलापाशी आली आणि चावी ठेवली.

"मला ठेवताय, बरं वाटलं," ती म्हणाली. "पण मी येणार नाही. तीन आठवडे मी तुमच्यात फिरले. पाणी का येत नाही हे सगळ्यांनी विचारलं. तुला काय झालंय, हे कुणी विचारलं नाही."

 एवढ्यात टेबलावरचा फोन बोलायला लागला. तो बंद करायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अध्यक्ष, ऐकू येतंय का? न्या रुपेर्तांचं मन नसेल तर त्यांना त्रास देऊ नका. तसंही तिथे माणूस लागतोच कशाला? सकाळी चालू, रात्री बंद, सगळं मी इकडून बघेन."

आणि ओविदियो काय म्हणाला असेल? म्हणाला, "ते बरं होईल." माना डोलल्या. माझा एकटीचा हात विरोधात वर होता, आणि तो मोजायलाही कुणी थांबलं नाही. सगळ्यांना झोपायला जायचं होतं. ज्या गाढवामुळे तीन आठवडे आंघोळीला पाणी नव्हतं, त्याच्याच हातात त्यांनी चाळीस माणसांच्या साक्षीने अख्खी टाकी दिली. अजून आहे त्याच्याच हातात.

मी रुपेर्ताच्या मागे फाटकापर्यंत गेले.

"अगं, असं काय करतेस? सिद्ध झालं ना सगळं! या मूर्खांसाठी कशाला सोडतेस? त्यांच्या डोक्यात काय असतं, तुला ठाऊकच आहे."

"त्यांचं मला काही वाटत नाही, बाई," ती म्हणाली. रागाने नाही, सांगायचं म्हणून सांगितल्यासारखं. "पण शुक्रवारी तुम्ही ऑफिसच्या दारात आलात. कोस्ता पुकूला जाऊन, सगळं कळून आला होतात. नेहमीसारखा माझ्या एका गालाला गाल लावलात, मग दुसऱ्याला. आणि दुसऱ्या गालाशी तुम्ही थांबलात आणि श्वास आत घेतलात."

 ती फाटक उघडून उन्हात चालायला लागली.

घेतला होता मी.